माहजाँगच्या डावातली चौथी

आमच्या राहू गावाहून सिंगापूरला निघाले त्या दुपारी डिकीत गुळाची ढेप, शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीचं पीठ कोंबून झाल्यावर आई गाडीच्या खिडकीशी आली. मला वाटलं, आता रडेल. तर म्हणते, "शेजारणीची वाटी कवा रिकामी धाडू नगं. आपलं नाव जातं." सिंगापूर तिच्या लेखी दौंडच्या पुढचंच कुठलंसं गाव होतं. रडले ती मीच.

नवऱ्याची कुरकुंभची नोकरी सुटून इथली लागली होती. फ्लॅट चकचकीत, पण तो शिफ्टला गेला की दिवसभर चिडीचूप. राहूत उंबऱ्याबाहेर पाय टाकला की तिघी तरी "कुठं चाललीस?" विचारायच्या, त्याचा कोण वैताग यायचा! इथं कुणीच विचारेना, तेव्हा जीव कासावीस झाला.

मग समोरच्या लिमआंटींची एक मैत्रीण लेकाकडे राहायला गेली आणि माझं नशीब उघडलं. माहजाँग या चिनी सोंगट्यांच्या खेळाला चार माणसं लागतात. आंटींनी मला हाताला धरून नेलं. टेबलावर सोंगट्या ढवळल्या, तर पत्र्यावर भुईमुगाच्या शेंगा ओतल्यासारखा आवाज! मी तिथंच भुलले.

खेळ तसा सोपा. एक सोंगटी उचलायची, नको ती टाकायची आणि जुळते संच लावायचे. टाकलेली सोंगटी दुसरीला हवी असली तर ती घेते. इथंच माझं घोडं पेंड खायला लागलं. शेजारणीला नको ते कसं द्यायचं? आंटी गोल ठिपक्यांच्या सोंगट्या जमवताना दिसल्या, म्हणून मी माझ्याकडच्या ठिपक्यांच्या एकेक करून त्यांच्यापुढे टाकत गेले. त्या लागोपाठ जिंकल्या आणि एकदम भडकल्या. "तू खेळायला बसलीस की जेवण वाढायला? असंच करणार असशील तर मी दुसरी कुणी बघते!" बाकीच्या दोघींचीही तोंडं फुगलेली. घरी येऊन मी ढसाढसा रडले. ती खुर्ची गेली असती तर या शहरात मला कुणीच नव्हतं.

पुढच्या खेपेला आंटींना हवी ती सोंगटी मी शेवटपर्यंत धरून ठेवली. हात नुसता शिवशिवत होता! आणि डाव माझा लागला. आंटी टेबलावर थाप मारून खदखदून हसल्या. त्यांनी आदल्या दिवशी खाऊ घालून धाडलेली वाटी निघताना मी गुळाच्या खड्यांनी भरून परत दिली. ती मात्र त्यांनी खुशीत ठेवून घेतली.

यंदा सुट्टीत माहजाँगचा एक संच राहूला नेला. ओसरीवर आई, वहिनी, शेजारच्या सुमनकाकू आणि मी. बांबूचं चित्र असलेल्या सोंगट्यांचा ऊस झाला, ठिपक्यांच्या भाकऱ्या झाल्या. आणि वाटीवाली माझी आई काकूंना एक भाकरी सोडेना! "अगं, शेजारणीला..." मी म्हणाले.

"वाटी येगळी आन् डाव येगळा. येवढं कळंना व्हय तुला?"

मी जे रडून शिकले ते बाईला उपजतच ठाऊक.

पूर्वी फोनवर आई "जेवलीस का?" विचारायची. आता म्हणते, "कवा येतीस? चौथी न्हाई, डाव अडलाय." तेवढ्यात लिमआंटी दार वाजवतात. तेव्हा गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, तुझं घर कुठलं, असं आता मला विचारू नका. माझ्यावाचून दोन ठिकाणी डाव अडतो, आणि दोन्हीकडे मी कुणाला सुखासुखी जिंकू देत नाही.