टांगा रिकामा गेला

माझ्या आईनं आयुष्यात कुणाकडे काही दोनदा मागितलेलं मला आठवत नाही. लग्नाच्या पंगतीत आग्रहाची जिलबीसुद्धा ती एकदाच घेते. त्या आईनं नगरच्या नाट्यगृहात एका दुपारी चार वेळा 'वन्स मोअर' दिला, आणि तोही इतका खणखणीत की पुढच्या रांगेतली माणसं माना वळवून बघायला लागली. हे कसं झालं ते कळायला आधी शेजारच्या मावशीची गोष्ट सांगायला हवी.

मावशी आमची नात्यातली नव्हे. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात तिचं माहेर आमच्या घराला लागून आहे. मी सहा-सात वर्षांची असताना ती नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आली आणि राहिली. त्या उन्हाळ्यात आई रोज दुपारी आळीतल्या बायकांना एक कादंबरी वाचून दाखवायची. आई सातवी शिकलेली, म्हणजे आमच्या आळीतली पंडितच. शाळेच्या कपाटातून आणलेलं ते जुनं, नावाजलेलं पुस्तक होतं. बायका ज्वारी निवडत ऐकायच्या आणि मावशी आईला खेटून बसायची. पुस्तकातली बाई छळाला कंटाळून माहेरी येते आणि शेवटी एक दिवस नवरा तिला न्यायला येतो. दारात टांगा उभा राहतो.

आईनं ते वाक्य वाचलं, पान उलटलं, तर पुढं नुसता पुठ्ठा. शेवटची पानं कधीच गळून गेली होती. बायका सुपातले हात थांबवून बसलेल्या. आईनं घसा खाकरला आणि पुठ्ठ्याकडे बघत पुढं वाचत राहिली. बाईनं टांगेवाल्याला पाणी दिलं, नवऱ्याला चहा दिला आणि मी येणार नाही म्हणून सांगितलं. टांगा रिकामा गेला. मग बाईनं मुलींची शाळा काढली. सगळ्यांनी समाधानानं ज्वारी पाखडायला घेतली.

महिन्याभरानं मावशीला न्यायला सासरची जीप आली. मावशीनं ड्रायव्हरला पाणी दिलं, नवऱ्याला चहा दिला आणि जीप रिकामी परत पाठवली. गावानं ते वर्षभर चघळलं. मावशीनं शिलाई मशीन घेतलं, आणि तेव्हापासून गावातल्या प्रत्येक नवरीचा ब्लाउज तिच्याच हातचा असतो.

यातलं पुठ्ठ्याचं मला काहीच ठाऊक नव्हतं. मी तो शेवट खराच समजत होते. पदवीपर्यंत शिकले, पण ती कादंबरी काही कधी हातात घेतली नाही. गोष्ट माहीत असताना वाचायची कशाला, असं वाटायचं. गेल्या हिवाळ्यात मावशीनं मोबाईलवर जाहिरात बघितली. त्याच कादंबरीवरचं संगीत नाटक, वर्षानुवर्षं चालू असलेलं, ज्यात काम करता करता कितीतरी नायिकांचे केस पांढरे झाले, ते रविवारी दुपारी नगरला येणार होतं. तिनं मला पुण्याला फोन करून तीन तिकिटं काढायला लावली. मी तिकिटं घेऊन गावी गेले तर आई मला थेट गोठ्यात घेऊन गेली आणि म्हशीआड उभं राहून सगळं कबूल केलं.

"खऱ्या पुस्तकात ती बाई टांग्यात बसून गेली आसंल तर?" ती म्हणाली. "माझ्या थापेवर तिनं उभा जन्म काढला गं. आता तिला काय तोंड दाखवू?"

मला आधी हसू आलं. मग तिचा चेहरा दिसला.

आईनं शनिवारभर पोट दुखवून पाहिलं, उपयोग झाला नाही. रविवारी दोनच्या प्रयोगाला आम्ही तिघी वेळेवर हजर होतो. गावची मुक्कामी एसटी स्टँडवरून साडेसहाला सुटणार होती आणि नाटक सहाला संपणार होतं. सुरुवातीला आयोजकांनी शहरातल्या मान्यवरांचे शाल-नारळ देऊन सत्कार केले. अर्धा तास गेला. सगळं नाट्यगृह चुळबुळत होतं, एकटी आई तेवढी मनापासून टाळ्या वाजवत होती.

पडदा उघडला आणि मावशी हरखली. सोबतीला ऑर्गन आणि तबला, आणि नायिकेचा आवाज तर असा की अंगावर काटा यावा. मावशीची नजर मात्र कामातच. नायिकेच्या ब्लाउजचा मुंढा ओढतोय, कुणी बेतलाय कोण जाणे, असं ती माझ्या कानात सांगत होती. पहिलं मोठं पद संपलं आणि आईनं पहिला वन्स मोअर दिला. मला वाटलं, बरं झालं, पोटदुखी पळाली. दुसरं पदही तिनं पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या पदाला गायिकेचा आवाज जरा चिरकला, तरी आई ओरडली, आणि ओरडताना तिचं लक्ष रंगमंचाकडे नव्हतंच, माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे होतं. तेव्हा माझी ट्यूब पेटली. शेवटच्या प्रवेशाआधी एसटीची वेळ व्हायला हवी होती, एवढाच तिचा गानप्रेमाचा हिशोब. शोभते हो माझी आई! चौथ्या वेळी मीही तिच्या आवाजात आवाज मिसळला. आईची बाजू घ्यायची नाही तर कुणाची?

सहा वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा रंगमंचावर टांग्याच्या घुंगरांचा आवाज आला. आई ताडकन उठली. गाडी जाईल, म्हैस दुसऱ्या कुणाला धार काढू देत नाही, चला, चला. मावशीनं तिच्या पदराला धरून तिला खाली बसवलं. म्हशीचं तिनं शिवण शिकायला येणाऱ्या मुलीला सांगून ठेवलं होतं. म्हशीला सवय व्हावी म्हणून आठवडाभर ती मुलगी आईचं लुगडं गुंडाळून तिच्यापाशी जात होती म्हणे. गाडी गेली तर जाऊ दे, मावशी म्हणाली.

मग आम्ही तिघींनी शेवट बघितला. नवऱ्यानं हात जोडले. नायिकेनं वडिलांच्या पाया पडून भैरवी म्हटली आणि ती टांग्यात बसली. टांगा भरलेला गेला. नाट्यगृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. आईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. मावशी टाळ्या न वाजवता समोर बघत होती. मलाही भीती वाटली, खरंच वाटली.

एसटी गेली होती. पाथर्डीकडे जाणारी जीप मिळाली आणि मागच्या बाकावर आम्ही दाटीवाटीनं बसलो. करंजी घाट येईपर्यंत ड्रायव्हरनं लावलेली गाणीच तेवढी वाजत होती. शेवटी आईच रडवेल्या आवाजात म्हणाली, की त्या पुस्तकाला शेवटच नव्हता, मी मनाचं सांगितलं, मला माफ कर.

"मला तवाच ठावं हुतं," मावशी म्हणाली. "तुला खेटून बसले हुते की. मला वाचाया येत न्हाई, पर पुठ्ठा कळतो. पुठ्ठ्यावर कुटं गोष्ट आसती व्हय?"

 मग तेव्हा सासरची जीप का परत पाठवलीस, असं आईनं विचारलं.

"मला जायाचंच नव्हतं. समदी म्हनत हुती, जा. तू पुठ्ठा बघून म्हनालीस, ती गेली न्हाई. म्हनलं, गावात एक तरी मानूस माझ्याकडनं हाय. तेवढं लई झालं." आणि मग तिनं आईच्या मांडीवर थाप मारली. "आज त्यांनी पार वाटुळं केलं बग शेवटाचं. तुझा सांग. वन्स मोअर."

आईनं पदरानं नाक पुसलं, घसा खाकरला आणि सुरुवात केली. दारात टांगा उभा राहिला. बाईनं टांगेवाल्याला पाणी दिलं. पुढच्या सीटवरच्या माणसानं ड्रायव्हरला गाणी बंद करायला सांगितली, आणि मावशी आईला आणखी थोडी खेटून बसली.