ळ मधोमध

आमच्या लालबागच्या घरात रविवारी जेवणं आटोपली, की शब्दांचा खेळ मांडला जातो. बाबा अक्षर देतात. ते अक्षर शब्दात बाबा सांगतील त्याच जागी आलं पाहिजे आणि शब्दाबरोबर अर्थही सांगता आला पाहिजे, नाहीतर शब्द बाद. पंच बाबाच. बँकेतली अख्खी नोकरी त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढण्यात घालवली, ती सवय घरीही सुटली नाही. लहानपणी मी रडून गोंधळ घातला तरी त्यांनी कधी चुकीचा अर्थ चालवून घेतला नाही. मला त्याचा अजून राग आहे.

आई मात्र त्यांना पुरून उरायची. मालवणकडचे असे काही शब्द काढायची की बाबांना शब्दकोश उघडावा लागे.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी ठाण्याच्या माझ्या घरून आले, तेव्हा अक्षर होतं ळ, मधोमध, म्हणजे सुरुवातीला नाही आणि शेवटीही नाही.

"वळचण," आई म्हणाली. "विहिरीवरचा दगड."

"बरोबर," बाबा म्हणाले.

मी हसले. "बाबा, झोप आलीय का? वळचण म्हणजे छपराची कड, पागोळ्या पडतात ती जागा."

त्यांनी डोळ्यांनीच मला थांबवलं. आई पुढचा शब्द शोधत होती. "गाळणी," ती म्हणाली. "तुळशीशेजारी लावतात. रोज पाणी घालावं लागतं."

दहा मिनिटांपूर्वी तिने गाळणीने चहा गाळला होता. गाळणी अजून ओट्यावर ओली पडलेली होती.

"बरोबर," बाबा म्हणाले आणि कप ठेवायच्या निमित्ताने मला आत घेऊन गेले.

"तिला चूक म्हणायचं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "मागे एकदा म्हटलं, तर रात्रीपर्यंत विचारत होती, माझं काय चुकलं म्हणून. काय चुकलं ते तिला आठवत नव्हतं. फक्त चुकलं एवढंच आठवत होतं."

"डॉक्टर?"

"परळला दाखवलंय. वाढत जाणार म्हणाले."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू आलीस की तुला ओळखते ना, म्हणून," बाबा म्हणाले. "म्हटलं, तोवर राहू दे."

आम्ही बाहेर आलो. बाबांनी नवं अक्षर दिलं, शेवटी क. मी मुद्दाम सोपे शब्द घेतले. बाहेर लोअर परळच्या काचेच्या इमारतींवरून ऊन उतरत होतं आणि मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

"लेक," आई म्हणाली.

"अर्थ?" बाबांनी सवयीने विचारलं.

आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. अगदी प्रेमाने, एखाद्या पाहुणीकडे बघावं तशी.

"रविवारी येते ती," आई म्हणाली. "कुठून येते ते नाही सांगत. पण स्वभावाने बरी आहे."

बाबा या वेळी 'बरोबर' म्हणायचं विसरले. आईचा चेहरा कावराबावरा झाला. तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चुकलं का गो माझं?" तिने मला विचारलं.

"नाही," मी म्हणाले.