शेतातलं उघडं फाटक

सप्टेंबर २०१६, लेबर डेचा लाँग वीकेंड. हजर माणसं दोन – मी आणि माझी बायको सुनंदा. खर्च, दोन रात्री नाश्त्यासकट, तीनशे चाळीस डॉलर. तो आमच्या लेकीने भरलेला. "बाबा, जस्ट गो! यू गाईज नेव्हर गो एनीव्हेअर," असं म्हणून तिने परस्पर बुकिंग केलं होतं. मी मिसिसागाला एका वेअरहाऊसच्या अकाउंट्समध्ये आहे. ज्याची पावती नाही ते मी मानत नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून मी कैकदा हसलोय... आता तुम्ही हसा.

गाव ओंटारियोतलंच, घरापासून दोन तासांवर. पण इंग्लंडहून आलेल्या लोकांनी वसवलेलं आणि अजून तसंच राखलेलं – दगडी घरं, बुटकं चर्च, टी-रूम. लोक तिथे चालायला येतात. पायवाट लोकांच्या खाजगी शेतांतून जाते, मालक जाऊ देतात. आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण मार्गरेट, सत्तरीची असेल. नाश्त्याच्या वेळी तिने एकच नियम सांगितला – "वाटेत गेट उघडं दिसलं तर उघडंच ठेवा. बंद दिसलं तर मागे बंद करा. जसं असेल तसं."

"मेंढ्यांसाठी ना?" मी विचारलं.

"मेंढ्यांसाठीही," ती म्हणाली आणि चहा ओतू लागली.

जेवण करून आम्ही निघालो. तासाभराचाच फेरा, म्हणून सुनंदाने दम्याचा पंप गाडीतच ठेवला.

तिसऱ्या शेताचं लाकडी फाटक सताड उघडं होतं, खांबाला दोरीने बांधलेलं. खालच्या फळीतून गवत वर आलेलं, म्हणजे बरेच दिवस हललेलं नसणार. आत एकही मेंढरू नाही. आम्ही आत शिरलो आणि मी दोरी सोडून फाटक लावून घेतलं. पुण्याला आमच्या फाटकावर 'फाटक लावून घ्यावे' अशी पाटी वडिलांनी स्वतः रंगवली होती. विसरलं की ओरडा. माझा हात आपोआपच जातो.

"अहो, ती नको म्हणाली होती ना?"

"उघडं टाकून जायचं? कुणाचं तरी शेत आहे."

"तुम्ही म्हणजे ना... फिरा आता कॅनडाभर फाटकं लावत!"

समोरच्या टोकाला पोचलो तर पुढे वाटच नव्हती. छातीइतकी दगडी भिंत, पलीकडे काटेरी झुडपं. वाट चुकली असेल म्हणून परत फिरलो. फाटक उघडलं, दोघं बाहेर पडलो, मी ते पुन्हा लावलं – आणि वळून बघतो तर आम्ही त्याच शेतात.

त्याच कशावरून? सुनंदाने बुटाची लेस बांधताना जांभळी पाण्याची बाटली भिंतीवर ठेवली होती आणि तिथेच विसरली होती. ती समोर होती.

पुन्हा बाहेर पडलो. पुन्हा बाटली.

मग मी तिला फाटकाशी उभं केलं आणि टोकाला जाऊन एकटाच भिंतीवर चढलो. पँट फाटली. पलीकडे उडी मारली आणि सुनंदा माझ्यासमोर पाठमोरी उभी. दचकून वळली.

"मागून कसे आलात?"

चकवा म्हणाल, तर तो अंधारात, रानात लागतो असं ऐकलंय. इथे दुपारचं लख्ख ऊन. भिंतीपलीकडे कुणाचं तरी गवत कापायचं लॉनमोवर चालू होतं, कुत्रं भुंकत होतं. सगळं हाकेच्या अंतरावर. मी हाका मारल्याही... कुणी ओ दिली नाही. फोनला सिग्नल नाही.

तोवर सुनंदाची छाती वाजायला लागली होती. दगडावर बसून तिने माझी बाही घट्ट धरली. ओठांचा रंग बदलत होता. पंप दहा मिनिटांच्या वाटेवर, आणि तेवढं चालून तिथे पोचायची सोय नाही. इथेच ही माझ्या हातात जाणार, एवढाच विचार डोक्यात होता.

"दमा नाहीये हा," ती तुटक तुटक म्हणाली. "श्वास... वाटून घेतायत. गर्दी झालीये इथे."

"कसली गर्दी? आपण दोघंच आहोत."

"फाटक उघडा. बांधून ठेवा, होतं तसं. आपण नाही जायचं आधी."

मी फाटक ढकललं, दोरी पहिल्यासारखी बांधली. ती भिंत धरून उठली. जॅकेट सारखं केलं आणि एका बाजूला सरकली. हळदीकुंकवाला बायका दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत खोळंबतात, तेव्हा ती जशी बोलते, अगदी त्याच आवाजात म्हणाली, "या ना. तुम्ही व्हा पुढे. आम्हाला काही घाई नाही."

मला काही दिसलं नाही. एवढंच लिहू शकतो की फाटकातलं गवत दबलं आणि बराच वेळ उठलं नाही. वारा नव्हता. सुनंदा फाटकाकडे बघत बारीक मान हलवत होती. हळूहळू तिच्या छातीची शिट्टी थांबली.

"चला," ती म्हणाली.

बाहेर आलो तर नेहमीची वाट. लॉनमोवरवाल्याने हात केला.

पंप लागलाच नाही. मार्गरेटला सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, "आता उघडं आहे ना?" आम्ही संध्याकाळीच निघालो. दुसऱ्या रात्रीचे पैसे मी परत मागितले नाहीत. मला ओळखणाऱ्यांना यावरून काय ती कल्पना येईल.

ऑक्सिजन कमी पडला की भास होतात, असं आमचे डॉक्टर म्हणतात. असतील. पण दमा तिला आहे, भिंतीवरून उडी मी मारली होती. याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

परतताना हायवेवर मी तिला विचारलं, "तेव्हा मान कशाला हलवत होतीस?"

"मोजत होते," ती म्हणाली. मग काच खाली करून बाहेर बघत म्हणाली, "लहान मुलंपण होती हो."

मी दिवसभर बेरजाच करतो. ही बेरीज मात्र मी तिला आजवर विचारलेली नाही.