चेवि की चावी

त्या सोमवारी मी महादेवावर रागावले होते, हे आधीच सांगून टाकते. श्रावणातला शेवटचा सोमवार, दुपारी पालखी निघायची, आणि देवाचा पितळी मुखवटा ज्या पेटीत असतो तिची चावी माझ्याकडून हरवली. तेलंगणातल्या इचोड्याजवळच्या आमच्या गावात ती चावी सांभाळायचा मान आमच्या घराचा. आमचे हे वारल्यावर तो माझ्याकडं आला. मला कमी ऐकू येतं, म्हणून माझे दीर पहिल्यापासून म्हणत होते की चावी आमच्याकडं असू द्या. त्या दिवशी ती सापडली नसती तर मान गेलाच असता, वर देवही मुखवट्याविना पालखीत बसला असता. वर्षभर पूजा करून हेच फळ का, असं मनात येत होतं.

ऐकू येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, पण वस्तू पडली की स्वतःच सांगते, मी इथं आहे. वाटी खणखणते, चावी टणकन वाजते. माझ्या वस्तू मात्र मुकाट्यानं हरवतात. म्हणून माझ्या सुनेनं एक युक्ती काढली आहे. मला काही सापडेना झालं की ती ओरडत नाही, समोर येऊन उभी राहते आणि खुणेनं सांगते, सकाळपासून काय काय केलं ते पुन्हा करून दाखवा. त्या दिवशी मी पुन्हा अंगण झाडलं, पुन्हा तुळशीला पाणी घातलं, रिकाम्या तांब्यानं अंघोळसुद्धा करून दाखवली. तिची हसून पुरेवाट, आणि मी रडकुंडीला आलेली. गाद्या उलथून झाल्या, पीठ चाळून झालं. दीर दारात डोकावून गेले. शेवटी मी ओसरीवर बसकण मारली आणि मनात म्हटलं, "महादेवा, मी थकले. पेटी तुझी, चावी तुझी, आता तूच बघ."

तेवढ्यात फाटकातून एक अनोळखी बाई आत आली आणि काहीतरी विचारू लागली. मी नुसती बघत राहिले. ती जवळ आली, आपल्या कानाला बोट लावून पुन्हा काही म्हणाली. मी ओठ वाचते. मला स्पष्ट दिसलं, चावी! मी ताडकन उठून तिचा हातच धरला.

"चावी? कुठं हाय व माय? दे ना!"

बिचारी घाबरली. पुन्हा कानाला बोट, पुन्हा तोच शब्द. कानात कसली चावी? मी वेडीसारखा आपला कान चाचपला, तर कान मोकळा. कानातली मशीनच नव्हती! सकाळी अंघोळीआधी काढलेली, घालायची राहूनच गेली होती. धावत जाऊन भिंतीतल्या देवळीतली मशीनची डबी उघडली. आत मशीनला खेटून चावी पडली होती. दोन्ही एकाच हातात असणार, आणि मी दोन्ही एकदमच डबीत टाकल्या असणार.

मशीन लावून बाहेर आले तर सून पोट धरून हसत होती. "आई, थे बाई तेलुगूत बोलून राह्यली होती! चेवि म्हंजे कान. कानानं ऐकू येत नाई काय, असं इचारलं तिनं तुमाले. पाणी पाह्यजे होतं तिले."

मी तिला पाणी दिलं, गूळ दिला, तिच्या पाया पडले. ती संकोचून हसली आणि हमरस्त्याकडं निघून गेली. पालखी वेळेवर निघाली. मुखवटा बसवताना दीर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वयनी, चावी तुमच्यापाशीच राहू द्या. देवानंच शोधून देल्ली तुमाले."

लोक याला योगायोग म्हणतील, म्हणोत. तहान त्या बाईची होती, भाषा तिची होती, चुकीचं वाचलं मी, आणि यातलं काहीएक माझ्या हातात नव्हतं. मी सगळं त्याच्यावर सोपवल्यावरच ते घडलं, एवढं मला ठाऊक आहे. त्याचे उपकार मी कसे फेडू? तेव्हापासून काही हरवलं की मी आधी मशीन लावते आणि मग देवाला हाक मारते. हाक मारायची आणि तो काय म्हणतो ते ऐकायची तयारीच ठेवायची नाही, असं कसं चालेल?