डिस्क मोठी, क्रमांक तोच

चंद्रकुमार मुर्री गावचा. वय एक्केचाळीस, अंगाने काटकुळा, डोळ्यांत कायम पिवळसर झाक. टेबलावर स्टीलची मोठी बाटली, दर अर्ध्या तासाला चार घोट. सिकलसेलच्या माणसाने पाणी सोडलं की सांधे आवळतात, म्हणून. आमच्या संस्थेच्या कार्यालयात नवीन आलेली माणसं त्याला 'पाणीवाला बाबू' म्हणतात. पूर्वी तो त्यावर हसायचा.

वीस वर्षांपूर्वी मी गोंदियात प्राणिशास्त्र शिकवत होते. आमच्या रक्ततपासणी शिबिरात हा खोकी उचलायला आला आणि जाता जाता स्वतःही रक्त देऊन गेला. निकाल वाईट आला. मग धाकट्या बहिणीचं, नीतूचं रक्त घेतलं. तिलाही तेच. आमच्या नोंदवहीत दोघं लागोपाठ आहेत, एकशे चौदा आणि एकशे पंधरा. तपासणीचं बोलावणंही घरी दोघांना एकदमच जायचं.

नोंदवही म्हणजे कम्प्युटरमधली. आज तिच्यात अकरा हजारांवर माणसं आहेत. एकाच गावात एकाच आडनावाच्या तीन-तीन जमुनाबाई निघतात. नावावर गेलात तर एकीचा अहवाल दुसरीच्या हातात. म्हणून क्रमांक. एकदा दिला की बदलायचा नाही, माणूस गेला तरी दुसऱ्याला द्यायचा नाही. हा नियम मी केला आणि चंद्रकुमारने पाळला. टायपिंग शिकलेला हा पोरगा पुढे सगळी नोंदवही एकट्याने सांभाळू लागला.

मूळ कम्प्युटर केव्हाच मेला. चंद्रकुमारने तो अख्खाच्या अख्खा दुसऱ्या कम्प्युटरच्या आत बसवला. "मॅडम, घरात घर समजा," म्हणाला. आतल्या कम्प्युटरला खरी डिस्क नसते, एक मोठी फाइल असते आणि तिलाच तो डिस्क मानतो. त्या फाइललाही स्वतःचा ओळख क्रमांक असतो. नोंदवहीचा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस संशयी. तो क्रमांक दिसला तरच प्रोग्रॅम उघडेल, असं कुलूप त्याने घालून ठेवलं. पहिल्या वेळी त्यानेच ते जुळवून दिलं होतं. तीन वर्षांपूर्वी तोही गेला.

यंदा जूनमध्ये ती डिस्क भरली. जुन्या नोंदी वाचता यायच्या, छापता यायच्या, नवीन काही ठेवता येईना. कागद फाइलीत साचू लागले. ऑगस्टअखेर नीतू गेली. छातीत कळ आली, तीन दिवस दवाखान्यात होती. वय चौतीस. तिचा कागद मीच फाइलीत लावला. अडतिसावा.

चौदाव्या दिवशी चंद्रकुमार कामावर आला. डोकं तुळतुळीत. बसला, मशीन सुरू केलं. मी म्हटलं, "आणखी आठ दिवस घे."

"घरी बसून काय करू?"

एवढंच. रडला नाही, चिडला नाही. मी वाट पाहिली, मग वाट पाहणं सोडून दिलं.

ऑक्टोबरात नोंदवहीतून मुर्रीच्या तपासणीची यादी छापून निघाली. देवकाबाई आमच्याकडे नवीन, सौंदडची, तिला कोणाचं काही ठाऊक नाही. यादी घेऊन ती घरोघरी फिरली आणि चंद्रकुमारच्या घरीही गेली. "नीतूताई कुठं आहेत? तपासणी आहे." त्याची आई जमुनाबाई धान पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "वावरात गेली."

देवकाबाईने मला येऊन तसंच सांगितलं. मी चंद्रकुमारवर ओरडले. "पेनाने खोडता येत नव्हतं?"

"पेनानं खोडलं तं पुढच्या यादीत फिरून येते, मॅडम. आत खोडा लागते. आत जागा नाही."

"मग जागा कर ना! काऊन रखडवून राहिला?"

"चुकलं तं अकरा हजार जातील."

आमचे अध्यक्ष नंदलालभाऊ राइस मिलवाले. ते म्हणाले, "नवं घेऊन टाका ना मॅडम! हे डबडं कायले पोसता?" त्यांना वाटतं, नोंदवही तांदळाच्या पोत्यासारखी ह्या गाडीतून त्या गाडीत टाकता येते. मी सांगितलं, कुलूप लावणारा गेला, आतलं धान आतच आहे.

मुर्रीचं शिबिर डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी. त्याआधीच्या गुरुवारी सकाळी चंद्रकुमार कामाला लागला. डिस्कची एक प्रत बाहेर काढून कपाटात ठेवली. मग दुसरी प्रत काढून ती तिप्पट मोठी केली आणि जोडली. आतला कम्प्युटर सुरू झाला, पण प्रोग्रॅम म्हणाला, ही डिस्क ओळखीची नाही.

चंद्रकुमार म्हणाला, "प्रत काढली का तिले आपोआप नवीन क्रमांक भेटते. जुना द्या लागन."

त्याने जुना क्रमांक दिला. आता बाहेरचा कम्प्युटर अडला. म्हणाला, या क्रमांकाची डिस्क माझ्या यादीत आधीच आहे.

"म्हणजे?"

"एका क्रमांकाच्या दोन नाही चालत. जुनीले यादीतून काढा लागते."

"मग काढ."

त्याने काढली. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. काहीच दिसलं नाही. भाजीतला खडा काढावा तशी काढली.

मग नवीन जोडली. प्रोग्रॅम उघडला, पण जागा पूर्वीइतकीच. "खोली मोठी झाली, भिंत जुन्याच ठिकाणी आहे," म्हणाला आणि आत जाऊन भिंत सरकवली. पुन्हा सुरू केलं. अकरा हजार माणसं जिथल्या तिथे. पाच-पन्नास नावं मी स्वतः तपासली, कारण मला कोणावर विश्वास नसतो.

"अडतिसावा आधी कर," मी म्हटलं.

"नाही मॅडम. क्रमानं."

पहिल्या कागदापासून सुरुवात केली. जेवायला उठला नाही. अडीचच्या सुमारास तो कागद आला. एकशे पंधरा. स्थितीच्या रकान्यात मृत. तारीख. प्रोग्रॅमने विचारलं, नक्की? त्याने बटण दाबलं, कागद पालथा घातला, एकोणचाळिसावा उचलला.

संध्याकाळी मुर्रीची यादी छापून त्याने देवकाबाईच्या हातात दिली. तिला आता सगळं कळलं होतं. बिचारी चाचरत म्हणाली, "भाऊ, तुमच्या घरचं एक नाव आहे यात अजून."

"माझं आहे. माझं रक्त इथंच घ्या."

"शिबिर घराजवळच आहे ना तुमच्या. सोमवारी मी येईन बोलवाले."

"नका येऊ," चंद्रकुमार मशीन बंद करत म्हणाला. "घरी आल्या तं आई विचारन, एकाचंच काऊन."