लातूरला शिकवणी

आमच्या घरातलं एक पोर लातूरला का राहतं, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, "शिकवणीला ठेवलंय." नांदेडकडच्या माणसाला एवढं पुरतं. पोराला डॉक्टर करायचं असणार, असं समजून तो पुढचं विचारत नाही. हे खोटं होतं. ते मीच तयार केलं आणि सून-मुलाला पाठ करायला लावलं.

मी ज्याला नातू म्हणत होतो, तो तेव्हा सहावीत होता. पंचमीच्या आदल्या दिवशी कासारीण आली. घरातल्या पोरी बांगड्या भरायला ओळीनं बसल्या. शेवटी हा बसला आणि त्यानं हात पुढे केला.

"अगं बया, ह्याला बी भरू का?" कासारीण हसली.

"हाव. मी पोरगीच हाय."

मी सोफ्यावर पेपर वाचत होतो. उठून मी त्याचा हात एवढ्या जोरात ओढला, की कासारणीच्या हातातल्या बांगड्या फरशीवर फुटल्या.

संध्याकाळी तो माझ्याकडे एक पुस्तक घेऊन आला. मुलांसाठीची कादंबरी होती. सगळे जिला मुलगा समजतात, अशा एका मुलीची. "आजोबा, तुम्ही मराठीचे सर होता ना? एवढं वाचा, मग मला रागवा."

जन्मभर पोरांना 'वाचा, वाचा' म्हणणाऱ्या मी ते उघडलंसुद्धा नाही. दिवाळीच्या आत पोर माझ्या मुलीकडे, लातूरला गेलं.

यंदा तेच पुस्तक एका दुकानात दिसलं. उभ्या उभ्या चाळलं आणि मग तिथल्याच स्टुलावर बसून संपवलं. त्यातलं पोर पुस्तकभर एकाच गोष्टीची वाट पाहतं: तुला काय म्हणू, असं कुणीतरी विचारावं. मला धक्का बसला. मीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लातूर गाठलं. दार उघडलं ते दोन वेण्या घातलेल्या, पंजाबी ड्रेसमधल्या मुलीनं. डोळे ओळखीचे होते. ती "या" म्हणाली नाही. शेजारीण डोकावली, "कोण आलंय गं?"

ती माझ्याकडे बघत राहिली.

"मी आजोबा," मी म्हणालो. "ही माझी नात."

एवढंसं वाक्य! ते म्हणावं लागू नये म्हणून मी एक लेकरू घराबाहेर ठेवलं होतं.

ती मात्र विरघळली नाही. "इथं म्हणणं सोपं हाय, आजोबा. इथं सगळेच म्हणतात."

परतीच्या एसटीत बसल्या बसल्या मी मुखेडच्या धाकट्या भावाला फोन लावला. त्याला कळलं की भावकीला कळतं.

"कुठून बोलायलास, दादा?"

"लातूरहून. नातीला भेटून आलो."

"नात? लातूरला तर तुझा नातू..."

"नातू न्हाई. नातच हाय. पहिल्यापासून."

त्यानं फोन ठेवला नाही. त्याच्याकडे टीव्ही चालू होता, तो मला ऐकू येत होता.