वार पडली का?

मंडळी, आज घडलेलं लिहितोय.

सकाळी खांदेश्वरला आमच्या शेजारच्या वहिनी घरीच बाळंत झाल्या. नवरा द्रोणागिरीला ड्युटीवर. माझी बायको त्यांच्याजवळ होती आणि मी दारात उभा राहून डॉक्टर मॅडमना फोन लावला.

मॅडमनी विचारलं, "वार पडली का?"

"वार? कुणी मारलं नाही हो, बाळंत झाल्यात!"

"अहो, बाळामागून पडते ती वार!"

बायको आतून ओरडली, "नाही पडली! रक्त थांबत नाहीये!"

अॅम्ब्युलन्स आली, पण दुपारी हॉस्पिटलमध्ये वहिनी गेल्या. मुलगी वाचली.

सोमवार-मंगळवारातला वार मला माहीत होता, तलवारीचा माहीत होता. दोन मुलांचा बाप असून ही वार माहीत नव्हती.

पुरुषांनो, खरं सांगा, तुम्हाला माहीत होती?